घर देतानाच घर सोडण्याचा दिवस आठवा

२०१६ सालच्या मे महिन्यातली दुपार. कर्वेनगरमधल्या एका टू बीएचकेच्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही चौघं उभे होतो: घरमालक, भाडेकरू नवरा-बायको आणि मी. खाली टेम्पो भरून तयार होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. मालकांच्या हातात वहीतून फाडलेला कागद होता. रंगकाम २२ हजार, गिझर ६ हजार, बेसिन साडेचार हजार, साफसफाई ३ हजार, किचनचा नळ आणि किरकोळ ३ हजार. एकूण साडेअडतीस हजार. डिपॉझिट होतं ६० हजार.

"बेसिनचा हा तडा आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच आहे," बाई म्हणाल्या.

"फुटकं बेसिन ठेवून मी घर कशाला देईन?" मालक म्हणाले.

मग सगळेच माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा. घर तुम्हीच दाखवलं होतंत ना?"

मला सांगता आलं नाही. तीन वर्षांपूर्वी मी ते घर दाखवलं, दोन्ही बाजूंकडून एकेका महिन्याचं ब्रोकरेज घेतलं, रजिस्ट्रार ऑफिसात सह्या-अंगठे झाले, किल्ली दिली आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या पार्टीच्या मागे लागले. बेसिनकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. तासभर वाद झाला आणि मालकांनी ३० हजार कापून घेतले. लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेलं ते जोडपं उरलेले पैसे घेऊन, एक शब्द न बोलता जिना उतरून गेलं. मालक खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. भाडेकरूही खोटं बोलत नव्हते. खरं काय ते लिहून ठेवणारा तिसरा माणूस त्या व्यवहारात हवा होता. तो माणूस मी होते आणि मी माझं काम केलं नव्हतं.

कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन या पट्ट्यात वीस वर्षांहून जास्त काळ मी घरं भाड्याने देण्या-घेण्याचं काम करते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. भाड्याचं घर देताना सगळे हसतमुख असतात. व्यवहार चांगला होता की वाईट, हे घर सोडायच्या दिवशी कळतं. म्हणून माझ्या व्यवसायातल्या नव्या मुलामुलींना आणि भाड्यासाठी फ्लॅट घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: किल्ली देण्याआधी, किल्ली परत घ्यायचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

सुरुवात यादीपासून करू. किल्ली देण्याच्या दिवशी मी मालक आणि भाडेकरू दोघांना घेऊन पाऊण तास घरात फिरते. प्रत्येक नळ सोडते, प्रत्येक फ्लश ओढते. गिझर लावते आणि पाणी तापेपर्यंत थांबते. सगळी बटणं दाबून पंखे-दिवे मोजते. किचन सिंकखालचं कपाट उघडून मोबाइलच्या उजेडात पाइपची ओल बघते. खिडक्यांच्या सरकत्या जाळ्या, कपाटांची बिजागरं, बाल्कनीतली पाणी जायची जाळी, भिंतींवरचे खिळे आणि ओलीचे डाग हे सगळं कागदावर उतरतं. वीजमीटरचा नंबर आणि रीडिंग यांचा फोटो घेते. कागदाच्या खाली तिघांच्या सह्या होतात आणि त्याच संध्याकाळी फोटोंसह यादी तिघांच्या व्हॉट्सॲपवर जाते. या कामाला दमडी लागत नाही. तरी माझ्या अनुभवात ही यादी झालेल्या घरांमध्ये सोडताना आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला.

आता डिपॉझिट. घरमालकांनी मनावर कोरून ठेवावं असं एक वाक्य आहे: डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे आहेत, ते आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेले आहेत. कितीतरी मालक ते मिळाल्या महिन्यातच खर्च करून टाकतात. मग भाडेकरू घर सोडतो तेव्हा हातात रक्कम नसते. पुढचा भाडेकरू येऊन त्याचं डिपॉझिट मिळेपर्यंत आधीच्याला ताटकळत ठेवलं जातं आणि अडचण लपवायला रंगाचे आणि साफसफाईचे आकडे फुगवले जातात. माझा आग्रह असतो की ती रक्कम वेगळी एफडी करून ठेवावी. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे आजही १९९९ चा राज्याचा कायदाच चालतो, पण दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट मागायची गरज मला तरी कधी दिसलेली नाही.

रंगाचं भांडण तर शंभरातल्या नव्वद घरांत होतं. तीन वर्षं माणसं राहिली की भिंती मळणारच. स्वयंपाकघरात फोडणी पडणार, तेलकट थर बसणार. ते वापरणं झालं, नुकसान नव्हे. दार मोडलं, काच फुटली, ओट्याचा ग्रॅनाइट तडकला, तर ते नुकसान. ही रेघ करारातच ओढा. रंग कोणी द्यायचा, किती महिने राहिल्यावर द्यायचा, ठरावीक रक्कम कापायची असेल तर किती, हे आकड्यात लिहा. "योग्य ती रक्कम कापण्यात येईल" असं लिहिणारा एजंट पुढच्या भांडणाची सोय करून ठेवतो.

कराराबद्दल बोलायचं तर थोडं मागे जावं लागेल. माझं बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरू म्हणून गेलं. दोन खोल्या, सामायिक नळ, भाडं महिना १८ रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ते जवळपास गोठलेलं होतं. आमच्यासाठी तो कायदा आधार होता. मालकांचं मात्र त्या भाड्यात कौलही बदलून होत नव्हतं आणि दर पावसाळ्यात वाड्याची एखादी भिंत खचायची. पुढे १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त वापराच्या परवानगीवर, घरात असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. घरमालकांच्या मनातली भीती तिथून आली. "भाडेकरू घर बळकावेल" हे वाक्य आजही पहिल्या फोनवर ऐकू येतं, तिशीतल्या मालकांकडूनसुद्धा.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र पार बदललं, हे मात्र लोकांपर्यंत पोहोचलेलं नाही. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने, कलम २४ मालकाला भक्कम आधार देतं. लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. जो करार मालक टाळतात, तोच त्यांचं घर राखतो.

अकरा महिन्यांचं गौडबंगालही एकदा संपवू. नोंदणी कायदा १९०८ चा. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. ती टाळायला अकरा महिन्यांची पळवाट देशभर रुजली. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते, तेव्हा त्या पळवाटेचा काही उपयोग उरलेला नाही. मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते. मुद्रांक शुल्क आहे पाव टक्का: एकूण भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर. २४ हजार भाडं आणि ७२ हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं शुल्क होतं सुमारे ६८० रुपये. तोच करार ३६ महिन्यांचा केला तर सुमारे २,२०० रुपये. शहरात नोंदणी फी हजार रुपये, ती प्रत्येक कराराला नव्याने भरावी लागते. तीन वर्षांत तीनदा खर्च आणि तीनदा धावपळ करण्यापेक्षा एकदाच करार करा. दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहा, पहिल्या काही महिन्यांचा लॉक-इन आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस दोघांसाठी सारखी ठेवा. एजंटांना यात नूतनीकरणाचं ब्रोकरेज बुडाल्यासारखं वाटतं. मला मात्र दर अकरा महिन्यांनी तोच कागद पुन्हा छापून अर्ध्या महिन्याचं भाडं घेण्यात कष्टाचा पैसा दिसत नाही.

आता गुंतवणूकदारांशी थोडं स्पष्ट बोलते. मध्यंतरी हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं माझ्याकडे आलं. ८० लाखांचा फ्लॅट घ्यायचा होता, ६० लाखांचं कर्ज काढून. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, "भाड्यातच हप्ता निघेल." मी टेबलावर कागद घेतला. अशा फ्लॅटला त्या भागात भाडं मिळतं २४ हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. त्यातून एक महिना घर रिकामं राहील असं धरून २४ हजार वजा. मेंटेनन्स मालकाकडे, महिना ३ हजार, म्हणजे ३६ हजार. मालमत्ता कर १८ हजार. ब्रोकरेज २४ हजार. रंग-दुरुस्तीसाठी वर्षाला २० हजार बाजूला ठेवले. हातात उरले १ लाख ६६ हजार. ८० लाखांवर ते होतात दोन टक्क्यांच्या किंचित वर. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ६० लाखांचा हप्ता येतो महिना ५२ हजारांच्या घरात. ती मुलगी कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." त्यांनी तो फ्लॅट घेतला नाही आणि माझं ब्रोकरेज गेलं. दोन वर्षांनी वारज्यात स्वतःला राहायला घर घ्यायची वेळ आली तेव्हा ती दोघं माझ्याकडेच आली.

भाड्यासाठी घर घेणं वाईट असं माझं म्हणणं नाही. पण महिन्याच्या भाड्यावर तुमचा हप्ता अवलंबून असेल, तर एक रिकामा महिनाही तुम्हाला हलवून टाकेल. त्या धास्तीने मग तुम्ही भाडेकरूशीही वाईट वागाल. रिकाम्या घराचा हिशोबही नीट समजून घ्या. २४ हजारांना भाडेकरू तयार असताना २६ हजारांसाठी दोन महिने कुलूप लावलं, तर ४८ हजार गेले. महिना २ हजार जास्त मिळून ते भरून यायला पुढची दोन वर्षं लागतात. वेळेवर भाडं देणारा, घर नीट ठेवणारा माणूस मिळाला तर हजार-दोन हजार सोडा आणि त्याला टिकवा.

काही गोष्टी करारावर सही होण्याआधी सांगायच्या असतात, त्या पटकन सांगते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती सोडावी लागते. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी पावत्या लागत नाहीत. महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूला २ टक्के टीडीएस कापावा लागतो. आणि कोथरूड-बावधनमध्ये तर मालक अमेरिकेत आणि किल्ली इथल्या आई-बाबांकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, टीडीएसचा दर ३० टक्क्यांच्या वर जातो आणि तो कापण्याची जबाबदारी भाडेकरूची असते. एजंटाने हे सांगितलं नाही, तर नोटीस येते ती त्या बिचाऱ्या भाडेकरूला.

एका बाबतीत मला जास्त कळकळीने बोलायचं आहे. "बॅचलर नको," "अमक्या जातीचे नको," "त्या धर्माचे तर बघूच नका." ही वाक्यं मालक एजंटच्या कानात बोलतात आणि एजंट फोनवर सांगतात, "ते घर कालच गेलं हो." मीही हे बोलले आहे. एका तरुण इंजिनिअरने नाव सांगितल्यावर मी "घर गेलं" म्हणाले आणि पलीकडून तो अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे ताई, कळलं." त्याला खरंच कळलं होतं. तो आवाज माझ्या मनातून गेलेला नाही. आता मी मालकांना आधीच सांगते की आडनाव विचारून मी घर देणार नाही. विचारायचंच असेल तर नोकरी काय आणि पगार किती हे विचारा, आधीच्या मालकांचा फोन नंबर घ्या, घरात नेमके किती जण राहणार ते लिहून घ्या आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती न चुकता द्या. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तीन मुलींना दिलेलं एक घर, त्या सोडून गेल्या तेव्हा, आधीच्या "फॅमिली"पेक्षा स्वच्छ होतं. घर कसं राखलं जाईल ते आडनावावरून कळत नाही.

शेवटी माझ्या व्यवसायातल्या लोकांसाठी. घरांच्या विक्रीत आता शिस्त आली आहे. महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा तर एजंटाची नोंदणी लागते आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. मुलाच्या वयाच्या पोरांसोबत बसून मीही ती परीक्षा दिली आणि मला त्याचा अभिमान आहे. पण भाड्याच्या व्यवहाराला ही नोंदणी लागत नाही. कोणीही मोबाइल घेऊन उभा राहतो आणि एजंट होतो. म्हणून इथली शिस्त आपली आपणच पाळायला हवी. ब्रोकरेज किती आणि कोणाकडून, हे पहिल्या फोनवर सांगा. गेलेल्या घराचे फोटो टाकून लोकांना बोलावू नका. टोकन घेतलं तर पावती द्या आणि मालकाने नकार दिला तर ते त्याच दिवशी परत करा. पाण्याचा टँकर येत असेल, लिफ्ट बंद पडत असेल, समोर बांधकाम सुरू होणार असेल, तर घर दाखवतानाच सांगा. राहायला गेल्यावर ते कळणारच आहे आणि त्या दिवशी तुमचं नाव खराब होणार आहे.

आणि घर सोडायच्या दिवशी जा. त्या दिवशी ब्रोकरेज मिळत नाही म्हणून बहुतेक एजंट फोन उचलत नाहीत. मला पुढची कामं मात्र त्याच दिवसामुळे मिळाली आहेत.

गेल्या दिवाळीआधी बावधनमध्ये असंच एक घर रिकामं झालं. मालक निवृत्त शिक्षक, साताऱ्याहून मुद्दाम आले होते. मी चार वर्षांपूर्वीची यादी बाहेर काढली. एकेक ओळ वाचत आम्ही घरभर फिरलो. वीसेक मिनिटांत काम झालं. दाराशी आल्यावर भाडेकरूच आपणहून म्हणाला, "सर, बेडरूमच्या खिडकीची जाळी आमच्या मुलाने फाडली आहे. ती यादीत धड लिहिलेली आहे. त्याचे पैसे कापा." सरांनी आठशे रुपये कापले, उरलेली रक्कम त्याच्या खात्यात टाकली, मेसेज आल्याची खात्री करून घेतली आणि मगच किल्ली हातात घेतली. जाताना तो सरांच्या पाया पडला.

दोन आठवड्यांनी त्याच घरात नवं कुटुंब आलं. मी कोरा कागद काढला, तारीख टाकली आणि माझ्या प्रत्येक यादीप्रमाणे पहिल्या ओळीत बेसिन लिहिलं.